उरलं ते इलास्टिक

जूनच्या सात तारखेला, बटाट्याची लावण आटोपल्यावर,
अझाल्मा बुओटने नवऱ्याच्या दोन चड्ड्या
दोन शेतांत पुरल्या.

तशा आम्ही प्रयोगशाळेतून तिला नव्या दिल्या होत्या,
पांढऱ्या, शुद्ध सुती, पाकीटबंद.
ती म्हणाली, नव्याची नासाडी कशाला,
थेओफिलच्या आहेत कपाटात, चांगल्या धडक्या.
आणि त्याला तर आता…
वाक्य तिथेच ठेवून तिने फावडं उचललं.

प्रिन्स एडवर्ड बेटाची माती लाल.
इतकी, की पावसानंतर किनाऱ्याचं पाणी
मटण धुतल्यासारखं दिसतं.
आणि आंबट.
तिचा सासरा चिमूटभर जिभेवर ठेवून सांगायचा म्हणे:
हिला शिंपले हवेत.
त्याच्या तरुणपणी नदी गोठली की
बर्फाला भोक पाडून, घोडा गोल फिरवून
तळाचा शिंपल्यांचा गाळ उपसत,
काळा, कुजकट, थंडीत वाफाळणारा,
आणि घसरगाड्या भरभरून शेतात नेत.

मग पोती आली.
पोत्यांनी पीक दिलं, खोटं कशाला बोला.
थेओफिलने वरचं शेत तीस वर्षं
पोत्यांवरच पोसलं.
खालच्या शेतात मात्र, तो गेल्यावर, तिने
शिंपल्यांचा चुरा टाकला, चार वर्षं,
गायींचं कुजलेलं शेण,
वादळाने काठावर फेकलेलं समुद्रशेवाळ.
शेजारच्या लेओनिदने बजावलं होतं:
माती गोड केलीस तर बटाट्याला खरूज येईल.
ती म्हणाली, येऊ दे.

ऑगस्ट सरता सरता आम्ही खणलं.
वरच्या शेतातून चड्डी निघाली जशीच्या तशी.
तांबूस, मळकी, पण शिवण शाबूत, बटण जागेवर.
धुऊन दोरीवर घातली असती
तर कुणी वळूनही पाहिलं नसतं.

खालच्या शेतात खणतोय, खणतोय,
वाटलं जागाच चुकली.
मग हाताला लागला
इलास्टिकचा एक पट्टा,
चार धागे,
आणि लेबल. अजून वाचता येत होतं:
कोमट पाण्यात धुवा.

मी समजावू लागले.
जिवाणू, चिमटीभर मातीत कोट्यवधी.
आंबट मातीत टिकतात ते काटकसरी,
थोडक्यात भागवणारे, हळू खाणारे.
आंबटपणा उतरला, शेण पडलं
की दुसरेच वर येतात, भुकेले, घाईचे.
बाहेरून फारसं कुणी आलेलं नसतं.
इथेच होते ते,
पाय पोटाशी घेऊन,
पानं मांडायची वाट बघत.

ती ऐकत होती का, कोण जाणे.
एका हातात पट्टा, दुसऱ्या हातात चड्डी,
आणि मला कळेना की
तिने कोणत्या शेतावर खूश व्हावं:
ज्याने त्याला जपून ठेवलं,
की ज्याने पोटात घेतलं.

पट्टा तिने एप्रनच्या खिशात घातला.
चड्डी माझ्या हातात दिली.
ही पण इकडेच पुर.
अगं, वजन करायचंय, नोंद करायचीय…
पुर म्हटलं ना.

अहवालात मी वरच्या शेतापुढे लिहिलं:
नमुना परत मिळाला नाही.

ऑक्टोबरात तिने पोतंभर बटाटे पाठवले.
लेओनिदचं खरं ठरलं होतं.
खरबरीत, खवल्याखवल्यांचे, हाताला बोचणारे.
खरूज म्हणजेही जिवाणूच,
त्याच पंगतीत
न बोलावता येऊन बसलेला.
पोत्याच्या तोंडाशी चिठ्ठी होती,
पेन्सिलने, तिरक्या अक्षरात:
साल जरा जाड काढ.