काळं बघायला आलेली बाई

आमच्या दुकानात सगळे रंग बघायला येतात.
पोपट, ट्युलिप, कापलेलं कलिंगड,
कुठल्याशा उबदार समुद्रातले मासे
दिवसभर तेच ते फिरत राहतं पडद्यांवर
आणि समोर उभं राहून लोक
आपापल्या पगाराशी भांडतात.

ऐला आली आणि म्हणाली, "हे बंद कर.
मला काळं दाखव."

बाहेर रोवानिएमीत दुपारचे तीन,
अंधार केव्हाच पडून, शिळा झालेला.
ती सोदनक्युलाहून आली होती, एकशेतीस किलोमीटर.
रस्त्यावरचं बर्फ ढकलायचा ट्रक चालवते, रात्रपाळीला.
काळ्याच्या बाबतीत तिला फसवणं म्हणजे
कोळणीला शिळी मासळी विकणं.

खिशातून टेप काढून आधी तिने
दोन्ही पडद्यांची रुंदी मोजली, काही बोलली नाही.
धाकटा चौतीस इंची, चकचकीत.
थोरला पंचेचाळीस, धनुष्यासारखा वाकलेला,
अंगावर मंद लेप, दिव्यांना परत न पाठवणारा.

मी पाठ केलेलं म्हणू लागलो:
यात ठिपका न ठिपका स्वतःचा दिवा,
काळं लागेल तिथे तो चक्क विझतो,
मागून कुणी उजेड झिरपवत...
"कळलं. विझव."

थोरला काळपट, राख कालवल्यासारखा.
धाकटा काळाभोर, पण त्यात आम्ही दोघं,
छतावरच्या ट्यूबलाइटसकट,
आणि माझा टाय वाकडा.

"आता दुकान विझव."

मॅनेजर जेवायला गेला होता. विझवलं.
दोन्ही पडदे नाहीसे झाले.
मी हात पुढे करून चाचपलं, आहेत ना.
"आता दोन्ही सारखेच," मी बोलून गेलो,
विकणाऱ्याने बोलू नये ते.

अंधारात ती जरा मोकळी झाली.
पाळी संपली की गेम खेळते, म्हणाली.
कसला?
ट्रकचा.
भाऊ आस्लाक नॉर्वेत, समुद्रातल्या तेलाच्या फलाटावर;
तो तिकडून, ती इकडून,
दोघं एकामागे एक स्पेनमधून संत्री वाहतात.
"तिथे ऊन असतं," एवढंच कारण सांगितलं तिने.

मग मला सांगावंच लागलं:
वेगाचा काटा रोज एकाच कोपऱ्यात दिसणार,
वर्षांनी तिथे डाग राहू शकतो. काटा गेला तरी.
"हमी आहे?"
तीन वर्षांची.
"डागाची?"
डाग न पडण्याची.
ती हसली बहुतेक. दिसलं नाही.

मग पेनड्राइव्ह. जुनं, आखूड चित्रण,
जवळपास चौकोनी, इतक्या लांब पडद्याच्या मधोमध बसलेलं,
डावी-उजवीकडे नुसतं काळं.
पण खोलीही काळीच, त्यामुळे कडा कुठेच नाही.
गोठलेल्या तळ्यावर एक माणूस
भोकापाशी उकिडवा बसलाय,
कुत्र्याला हाक मारतो, कुत्रं येत नाही,
तो कॅमेऱ्याकडे बघून खांदे उडवतो. संपलं.

आधी धाकट्यावर. मग थोरल्यावर.
थोरल्यावर तो उठून उभा राहिला तशी
ऐला एक पाऊल मागे सरली, माझ्या बुटावर.

"एवढा मोठा नव्हता तो," ती म्हणाली.

दिवे लावले. पोपट परत आला.
धाकट्याचं खोकं तिने एकटीनेच खांद्यावर घेतलं,
दार मी उघडू लागलो तर पायाने उघडलं.

संध्याकाळी काउंटर पुसताना तिचा टेप सापडला,
विसरलेला, पट्टी तशीच खटका लावून ओढलेली,
घरून मोजून आणलेलं टेबल:
एकशे अठरा सेंटीमीटर.

थोरलाही मावला असता.