नमुना क्रमांक एकसष्ट

भट्टीची किल्ली माझ्याकडे असते, एवढाच माझा हुद्दा.
बाकी सगळे डॉक्टर, किंवा व्हायच्या वाटेवर.

अफ्राकोमा आली ती दोन गोण्या घेऊन.
कुमासीच्या खाणावळींतली राख.
कोकोच्या टरफलांची, केळीच्या सालांची, ताडाच्या घोसांची;
पुडीपुडीवर बाईचं नाव, चुलीचा पत्ता, तारीख.
म्हणाली, याओमामा, हिची मी झिलई करणार.
म्हटलं, भांडी घासायला बरी आहे.
ती हसली नाही. चाळणी मागितली.

मग आठवडेच्या आठवडे
चाळणं, धुणं, निवळू देणं. खाराने तिचे हात उलले.
बोटाएवढ्या मातीच्या पट्ट्या, मागे आकडा कोरलेला.
मी रचायचो, विटा लावायचो, गॅस सोडायचो
आणि भोकातून आगीचा रंग बघत बसायचो.
तापमानाचं यंत्र आहे, पण ते दुमसोरमध्ये जातं.
दुमसोर म्हणजे गेली-आली,
विजेला आमच्याकडे हेच नाव.
डोळे जात नाहीत.

पहिल्या साठ पट्ट्या तपकिरी.
गंजाची तपकिरी, शिळ्या चहाची, धुळीच्या वाऱ्यानंतरच्या पत्र्याची.
डॉक्टर तविया चष्मा कपाळावर सारून म्हणाल्या,
तपकिरी हाही निष्कर्षच असतो.
हे वाक्य अफ्राकोमाने मला जेवताना दोनदा ऐकवलं.

एकसष्टावी हिरवी निघाली.
हिरवी म्हणजे, शेवाळाखालचं पाणी असतं तशी,
आणि कडेला, झिलई ओघळून जिथे थांबली,
तिथे किंचित निळी.
बत्तीस वर्षं मी ही भट्टी उघडतोय.
मी टोपी काढली.

पुन्हा कर, म्हणाल्या डॉक्टर.
एकदा झालं तो योगायोग, तीनदा झालं तर संशोधन.
त्याच चुलीची ताजी राख, तीच माती, तीच भट्टी, तोच मी.
तपकिरी.
तपकिरी.
तपकिरी.

मग आम्ही आंटी कोनाडूकडे गेलो.
पोरगा फुफू कांडत होता, ती उलटत होती;
मुसळाच्या दोन घावांमध्ये हात आत, हात बाहेर,
बोलतानाही ताल ढळत नाही.
त्या आठवड्यात काय जाळलं होतं, आंटी?
लाकूड.
कुठलं?
पेटेल ते.
मुसळ पडत राहिलं.
मग आपणहूनच:
रस्ता रुंद केला ना, पुढची भिंत गेली.
पाटी तेवढी उरली. भिंत नाही तर टांगू कशाला?
फोडली नि घातली चुलीत.
हिरवी होती. 'सावकाश जेवा' लिहिलेली.

नमुन्यात भेसळ आहे, म्हणाल्या डॉक्टर.
रंगातलं तांबं. शिसंही असेल. प्रबंधातून काढ.
खरं तेच बोलल्या त्या.

रात्री ती भट्टीला पाठ टेकून बसली, उबेला.
'इंधनाचा स्रोत' ह्या रकान्यात लाकूड लिहिलं होतं.
ते खोडलं.
पाटी किती वर्षं होती हो तिथे?
मला काय माहीत. मी तिथे जेवायला जायचो
तेव्हा माझे केस काळे होते.
तिने तेच लिहिलं. शब्दशः. माझ्या नावासकट.

प्रदर्शनाला आंटी चर्चच्या कपड्यांत आली.
साठ तपकिऱ्या ओलांडून थेट एकसष्टपाशी.
हात लावू नये, असं लिहिलं होतं.
तिने नखाने वाजवून पाहिली.
असला वाडगा केलास तर सूप राहील त्यात?
नको आंटी, विषारी असेल.
आंटी अशी हसली, की बाहेरगावचे परीक्षक वळून बघू लागले.
अगं, बावीस वर्षं माणसं हिच्याखाली जेवली!

सोमवारी मी बासष्टावी लावली.
पुडीवर लिहिलेलं: कोनाडू, नवी जागा.
तपकिरीच निघणार, ठाऊक होतं.
तरी भोकाला डोळा लावून
बसलो.