सांधा क्रमांक एकशे बारा

रात्री साडेअकराला दिल्लीचं विमान उतरलं
आणि सोनेगावच्या टॅक्सीवेचा आमचा बंद तुकडा
एकदाचा गप्प झाला.
गोमाजी पराते गुडघ्यावर हात टेकवत खाली बसले,
संध्याकाळी ओतलेल्या स्लॅबवर खिळ्यानं रेघ ओढली
आणि रेघेकडे नाही,
खिळ्याच्या टोकाकडे पाहिलं.
"अजून अर्धा तास, मॅडम.
आत्ता पातं लावसान तं काठ भुरभुरतीन."
आणि उशीर झाला तर?
"मंग तो आपल्या मनानं फाटते. आपल्याले इचारत नाही."

काँक्रीट आकसतं, एवढं कॉलेजात शिकले होते.
चीर पडणारच, ही गोष्ट
जत्रेच्या तारखेसारखी ठरलेली असते,
ते मात्र इथे कळलं.
कुठे पडावी, तेवढं आपल्या हाती.
म्हणून वरची तिसरा हिस्सा जाडी आम्ही कापतो,
उरलेलं तो रात्रीतून
खालच्या खाली उरकतो.

पोटात सळ्या असतात.
अर्धी सळई काँक्रीटनं घट्ट धरलेली,
अर्धी ग्रीस माखलेली, सरकायला मोकळी.
भार शेजाऱ्याला द्यायचा, पण त्याला ओढायचं नाही.
ग्रीस लावायची राहून गेलेली एक सळई
मला चार वर्षांनी सापडली,
कोपरा फुटला तेव्हा.
सही माझीच होती.

गोमाजींच्या तांडापेठेतल्या घरी माग होता.
तुटलेला धागा बाप थुंकी लावून असा सांधायचा
की काठात गाठ दिसू नये.
"अन् इथं उलटं.
जोड दिसलाच पाहिजे, तवाच टिकते."

मग फोमची दोरी, तिच्यावर सीलंट.
दोन्ही भिंतींना चिकटू दे, तळाला नको,
तळाला चिकटलं की ताणताना मधोमध फाटतं.
डिसेंबरच्या पहाटे, कानटोपी घालून,
मी व्हर्नियरनं फट मोजली.
मेमध्ये पुन्हा मोजली, तळवे भाजत.
नागपूरचा अख्खा उन्हाळा
माझ्या वहीत दोन मिलिमीटर भरला.
त्या दोन मिलिमीटरमध्ये हिवाळ्यात एक खडा शिरला
तर स्लॅबला उन्हाळ्यात जायला जागा उरत नाही.
मग तो काठ सोडतो.
काठाचा तुकडा इंजिनाच्या तोंडाशी सापडला,
तर चौकशीत सगळे माझ्याकडे बघतात.

गोमाजी मागल्या वर्षी सुटले.
गुडघ्याचं ऑपरेशन झालं, मेडिकलला.
भेटायला गेले तर म्हणाले,
"डॉक्टरनं नवा जोड बसोला.
इचारलं त्याले, ग्रीस लावलं का?"

काल बहिणीकडे पुण्याला निघाले,
सीट सतरा, खिडकीची.
विमान हळूहळू वळणाकडे सरकत होतं,
चाकाखाली टक्, टक्, टक्, एकसारखं,
आणि मध्येच एक
टडक्.
एकशे बारा. किंवा तेरा.
शेजारचे गृहस्थ पट्टा शोधत होते.
मी त्यांच्याकडून पेन मागून घेतलं
आणि उलटीच्या पिशवीवर नंबर लिहिला,
पुढे प्रश्नचिन्ह.