तलाव नेहमी पूर्वेला

रात्री साडेनऊला कंपनीची गाडी मला गोळीबार चौकातून उचलते
आणि मिहानच्या तिसऱ्या मजल्यावर नेऊन शिकागोत सोडते.
तिथे माझं नाव शॅरन.
शलाका निनावे मागच्या सीटवरच राहते, डब्याच्या पिशवीशेजारी.

विमानतळावरून शहरात? निळी लाइन, पाऊण तास धरा.
दुसऱ्या विमानतळावर उतरलात तर नारंगी.
(आमचीही नारंगीच. तीही विमानतळावरूनच जाते.
हे कोणाला सांगत नाही, स्क्रिप्टमध्ये नाही.)
पत्ते मोजायचे स्टेट आणि मॅडिसनच्या कोपऱ्यापासून,
तिथे शून्य.
वाट चुकलात तर घाबरू नका, पाणी शोधा.
तलाव नेहमी पूर्वेला.

चार वर्षं झाली. मला झोपेत विचारा,
कोणत्या जिन्याने गेलात तर उलट दिशेची गाडी मिळते.
पासपोर्ट अजून काढला नाही.
आई म्हणते, तिकडचे लोक आपल्याच गावचा रस्ता
नागपूरले फोन लावून काऊन इचारतात वो?
मी म्हणते, त्यांना कुठं माहीत, फोन कुठं लागला.

परवा पहाटेचे तीन,
तिकडे आदल्या दुपारचे साडेचार,
एका म्हाताऱ्याचा फोन. नेब्रास्कातून.
तीस वर्षांनी येतोय म्हणाला. कोणाकडे, ते नाही बोलला.
बस सांगितली, पास सांगितला,
ज्येष्ठांची सवलत, गुडघ्यांसाठी लिफ्ट कोणत्या स्टेशनला.
स्वेटर आणा म्हटलं, मे महिन्यातही वारा बोचतो.
(इकडे दिवसा चव्वेचाळीस होतं. भिंती अजून निवल्या नव्हत्या.)

मग तो म्हणाला, एक सांगा,
संध्याकाळी तलावाशी आता कसं वाटतं?

स्क्रीन वरपासून खालपर्यंत पाहिली.
पार्किंग होतं, स्वच्छतागृहं होती, बोटींच्या वेळा होत्या.
वासनिक सरांनी काचेपलीकडून मनगटावर बोट आपटलं.
मी डोळे मिटून फुटाळ्यावर गेले.

सांगितलं, कठड्यावर पोरं बसलेली असतात, पाय खाली सोडून.
कणसं भाजल्याचा वास येतो.
एखादी बाई घरी भांडून आलेली, एकटीच, पर्स मांडीवर घेऊन.
आणि सूर्य पाण्यात बुडतो तेव्हा
मोबाइलवर बोलणारेसुद्धा जरा वेळ गप्प होतात.

फोनमध्ये नुसता श्वास. मग तो हसला, खोकला, पुन्हा हसला.
पोरी, आमच्या तलावातून सूर्य उगवतो.
बुडतो तो इमारतींच्या मागे.
तूच तर आत्ता म्हणालीस, तलाव नेहमी पूर्वेला.

कान तापले. चार वर्षांत पहिल्यांदा मी कोणाला तरी
चुकीच्या काठावर नेऊन उभं केलं होतं.
कुठून बोलतेस तू?
ठिकाण सांगायचं नाही, हा नियम क्रमांक दोन.
मी म्हटलं, शून्यापासून फार लांब नाही.
स्टेट आणि मॅडिसन?
खोटं नको, आणि नोकरीही जायला नको.
म्हटलं, शून्य तेच हो, दगड वेगळा.
तो थांबला थोडा.
म्हणाला, कणसांचं पुन्हा सांग.

अकरा मिनिटं चाळीस सेकंद.
वासनिक सरांनी लाल पेनाने लिहिलं.

सकाळी गाडी पंक्चर, म्हणून खापरीहून मेट्रो.
डब्यात एक काका, बुटीबोरीकडचे, हातात एक्स-रेचं पाकीट.
मेडिकलले जायाचं हाय, कोठी उतरू?
मी तोंड उघडलं आणि आतून शॅरन बोलली,
अजनी चौकाला उतरा, मग पूर्वेला...
पूर्व कोनती, बाई? झाड नाही तं दुकान सांगा एखादं.

मला एकही दुकान आठवेना.

अजनीला दार उघडलं, त्यांच्यामागे मीही उतरले.
पाकीट माझ्याकडे देऊन ते जिन्याचा दांडा धरत खाली आले.
रस्त्यावर ऊन सरळ तोंडावर.
म्हटलं, काका, जिकडे डोळे दिपतात
तिकडेच चला.