उष्टा श्वास

ह्या ट्रॅक्टरनं शेत कधी पाहिलंच नाही.
वेसाव्याच्या वाळूत पहाटे चारला
चपला, थर्माकोल, फाटकी जाळी,
एकदा अख्खं कपाट,
ओढून भरतीच्या आत परततो.
आज चिठ्ठी लावून आला: ओढत नाही. काळा धूर.

इस्माईल दळवींनी बॉनेट उचललं.
आयटीआयत शिकलीस ना, सांग, ईजीआर म्हणजे काय?
मी घडाघडा म्हटलं:
एक्झॉस्टमधला थोडा वायू
कूलरमधून, व्हॉल्व्हमधून, परत इनटेकमध्ये.
का?
तिथं अडले.

नायट्रोजन भला माणूस, ते म्हणाले,
कुणाच्या अध्यात ना मध्यात.
हवेत जवळजवळ तोच असतो,
आत येतो, बाहेर जातो, बोभाटा नाही.
पण सिलिंडर फार तापला
की ऑक्सिजनचा हात धरून पळतो.
मग जे बाहेर पडतं ते दिसत नाही,
छातीत जाऊन बसतं.
म्हणून इंजिनाला त्याचंच थोडं उष्टं पाजायचं, निववून.
उष्ट्या श्वासात ऑक्सिजन नावापुरता.
आग लागते,
भडकत नाही.

चार बोल्ट. व्हॉल्व्ह हातात आला
मिशेरीसारख्या काजळीनं गच्च,
जांभई देताना जबडा अडकावा
तसा उघडाच.

फोन स्पीकरवर होता. देढियाशेठ:
अहो, पत्रा ठोका, बंद करा ती भानगड,
सगळे तेच करतात, धूर जाईल, गाडी पळेल,
कोणाला कळतंय?

टूलबॉक्सच्या खालच्या कप्प्यात
असे पत्रे होते. मापाचे, भोकं पाडलेले,
कडा कानशीनं घासलेल्या. अक्षर दळवींचं:
ह्या मॉडेलला, त्या मॉडेलला.
किती बसवले? मी विचारलं.
ते डिझेलमध्ये ब्रश बुडवत राहिले.

दुपारभर घासला.
बोटांच्या रेषांत काजळी गेली ती अजून आहे.
स्प्रिंग दाबली, सोडली,
टक्क मिटला.
नवं गॅस्केट. बिलात मजुरी अर्धीच लावली,
शेठ पुढचं काम देईल न देईल.

दुसऱ्या पहाटे मी मुद्दाम किनाऱ्यावर गेले.
ट्रॅक्टर ओढत होता. धूर नव्हता.
पत्रा ठोकला असता
तरी अगदी असंच दिसलं असतं.

मागं एक कुत्रा
एक्झॉस्टची ऊब धरून
चालला होता.