फुटक्यांचा नियम

माझा भाऊ केटिल जन्मला
तो दिवस पानपोळ्यांचा होता.
पीठ मळलेलं, ओल्या फडक्याखाली तसंच राहिलं,
आई हुसाविकच्या दवाखान्यात,
आणि रान्वेगआत्या म्हणाली म्हणे,
"पोर थांबेल थोडं. पीठ थांबत नाही."

तेव्हापासून तीन डिसेंबरला
आमच्याकडे केक झालाच नाही.
अकराला उजाडायचं, तीनच्या आत मिटायचं,
खिडकीबाहेर खाडी शाईसारखी,
आणि आत साठ पोळ्यांचा घाट.

लाटायचं काम बाबांचं.
दोरखंडांनी सोललेले ते हात
लाटण्यावर मात्र हलके, जणू कुणाला झोपवतायत.
पोळी इतकी पातळ
की खाली वर्तमानपत्र सरकवलं
तर कॉडचे भाव वाचता यावेत.
मग ताटली उपडी, कडेनं सुरी फिरवली की झाला चंद्र.
चंद्राची घडी घालायची,
चाकूच्या टोकानं तिरक्या चिरा द्यायच्या,
उलगडायचा, आणि एकेक पाकळी उचलून
शेजारणीच्या अंगावर टाकायची. श्वास धरून.

नक्षी ज्याची त्याची ठरलेली.
आईचं बर्फाचं फूल.
बाबांचा माशाचा काटा, दरवर्षी तोच.
माझी गिचमीड, तिला सगळे "वारा" म्हणायचे, प्रेमानं.
रान्वेगआत्याची चर्चची खिडकी:
चाळीस वर्षांत एकही फुटली नव्हती.
हे ती कधी बोलली नाही.
आम्हीच एकमेकांना सांगायचो.

आणि नियम एकच.
अख्ख्या पोळ्या डब्यात, नाताळपर्यंत हात लावायचा नाही.
फुटक्या आजच्या आज खायच्या.

सात वर्षांचा झाला त्या दिवशी केटिल
टेबलाखाली जाऊन बसला.
डोक्यावर मी केलेला मुकुट, पिठाच्या पिशवीचा,
गिरणीचं नाव उलटं आलेलं.
"माझा वाढदिवस नाहीच आज,"
त्यानं टेबलाच्या पायाला सांगितलं,
"पोळ्यांचा आहे."

कढईत मेंढीची चरबी तडतडत होती.
बाबा लाटायचे थांबले.
आईनं माझ्याकडे पाहिलं, मी भिंतीकडे.

आत्यानं तळलेली खिडकी काढली,
कागदावर ठेवली, लाकडी झाकणानं दाबली,
नेहमीसारखी दिव्यासमोर धरली
(सोनेरी, काय सांगू, आरपार)
आणि मी पाहिलं, तिचा अंगठा पाहिला मी.

कट.

"अगोबाई," आत्या म्हणाली, "हात घसरला."

मग आईचाही घसरला.
बाबांचा काटा शेपटीपाशी मोडला,
आणखी एक, आणखी एक,
बाबांना नाटक कधीच जमलं नाही,
ते तर टेबलाच्या कडेवर आपटूनच फोडत होते.
मी माझा वारा मधोमध मोडला
आणि पहिल्यांदाच तो वाऱ्यासारखा दिसला.
खालून एक हात आला. मग दुसरा.
मग तेलकट तोंड आणि वाकडा मुकुट.

त्या नाताळला पाहुण्यांना
दीड दीड पोळी आली वाट्याला.
कुणी विचारलं नाही.
हुसाविकमध्ये विचारत नाहीत.

आता रान्वेगआत्या एक्क्याण्णव वर्षांची,
चाकू तिच्या हातात थरथरतो,
खिडक्या तव्यापर्यंत पोचायच्या आधीच विरतात.
ती ओशाळत नाही, तुकडे गोळा करते,
चरबीत सोडते आणि विचारते,
"पोरगं कुठाय?"

पोरगं अडतीस वर्षांचं.
दाढीत पीठ, कानाशी मुलीनं चिकटवलेला कागदी तारा.
म्हणतं, "इथंच आहे, आत्या.
टेबलाखाली मावत नाही आता, एवढंच."