पंख्याची जागा

एकशे आठच्या गाडीवर मी पायलट.
पायलट म्हणजे ड्रायव्हरच,
कागदावर तेवढा उडतो.

राळेगाव ते यवतमाळ
कुठला खड्डा कुठल्या कडेनं चुकवायचा
ते झोपेतही सांगेन.
माणूस घरातून उचलायचा,
दवाखान्याच्या दारात सोडायचा.
पुढचं आपलं काम नाही
असं सगळेच म्हणायचे. मीही.

मग एका पहाटे कॉल आला.
पत्ता: बसस्थानक, पाण्याच्या टाकीमागं.
पोत्यावर एक म्हातारा, छातीत घरघर.
मॅडम नाडी बघत होत्या, मी बॅटरी धरली
आणि चेहरा ओळखला.
वामन उईके.
मागच्या पोळ्याला मीच आणलं होतं याला,
निळ्या दाराच्या घरातून.
दारात बकरी होती, बकरीच्या गळ्यात घुंगरू.
म्हटलं, बाबा, घर?
"तुह्याच गाडीत बसून गेलतो न बापू,
तवापासून वापस कुठी गेलो?"

त्या दिवशी मी गाडी धुतली नाही.

आता कापसाचा सीझन.
जिनिंगच्या मागं मजुरांच्या टिनाच्या खोल्या,
सरकीचा वास,
भिंतींना, भांड्यांना, भुवयांना पांढरी लव.
काम आहे तोवर खोली.
सात नंबरात शेवंता मसराम.
साखर वाढलेली, डाव्या पायाला न भरणारी जखम.

पहिल्या फेरीला भिंतीवर पंखा होता.
दुसऱ्या फेरीला चार भोकं
आणि पंख्याएवढी स्वच्छ भिंत.
तिसऱ्या फेरीला सिलिंडर नव्हता,
पोरगी तीन विटांवर भात शिजवत होती,
आणि तिचं दप्तर
सुतळीनं बांधून दाराशी ठेवलेलं,
एसटीची वाट बघत असल्यासारखं.

मला रक्तदाब मोजता येत नाही.
भोकं मोजता येतात.

गाडीतच मॅडमना सांगितलं.
त्यांनी फॉर्म उलटसुलट केला.
श्वास, नाडी, साखर, शुद्ध.
पंख्याला रकाना नव्हता.
मग मागच्या कोऱ्या बाजूवर
सलाईनच्या खोक्याची कड धरून
त्यांनी एक रेघ मारली,
आणि रेघेखाली लिहिलं:
घर जाण्याच्या बेतात.

ती रेघ ग्रामीण रुग्णालयात गेली,
सिस्टरनी वहीत उतरवली.
चार वाजता आशाताई बेबी कुमरे आल्या,
वाचून म्हणाल्या, "हे मले आधी सांगाले काय झालतं?"
कोणाकडेच उत्तर नव्हतं.
त्यांनी पायात चपला घातल्या.

मलमपट्टी खोलीवर होऊ लागली, एक दिवसाआड.
जिनिंगच्या मॅनेजरकडे मॅडम स्वतः गेल्या.
तो म्हणाला, खोली कामाची हाय, दयेची नाई.
मॅडम म्हणाल्या, मग काम द्या. बसून करायचं.
दोन दिवस तो बोललाच नाही.
तिसऱ्या दिवशी वजनकाट्याजवळ
एक स्टूल आलं, आणि चिठ्ठ्यांचं बुक.

एक बोट गेलं.
पाय राहिला.
खोली राहिली, सीझनपुरती तरी.

सगळ्याच रेघा पोचत नाहीत.
मागच्या महिन्यात दोन दारांना
आमच्या आधी कुलूप पोचलं होतं.
वामनबाबा यवतमाळच्या निवाऱ्यात आहे,
खाट आहे, भिंत आहे, रात्री मोजणी होते.
त्याला तो घर म्हणत नाही.
मीही म्हणायला लावत नाही.

परवा रिकामी गाडी घेऊन येत होतो,
सायरन बंद.
पाणी प्यायच्या निमित्तानं सात नंबरपाशी थांबलो.
शेवंता घाबरली.
"कायले आले जी भाऊ? मी तं बरी हाय."
मी पेला तोंडाला लावून भिंत बघून घेतली.
पंखा नव्हताच.
चारही भोकं जागच्या जागी.
वरच्या एकात पोरीनं खिळा ठोकला होता
आणि त्याला दप्तर अडकवलं होतं,
सुतळी सोडून.